दहा दिवसांची चिठ्ठी

"तेंच दे."

दुकानाच्या काचेवर चिठ्ठी ठेवायची, एका बोटानं ती माझ्याकडे सरकवायची आणि एवढंच म्हणायचं. गोळीचं नाव अक्कांनी माझ्यासमोर कधी उच्चारलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं काहीसं.

चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती. त्या सुमारास आमच्या तंजावुरात राजवाड्याजवळ झेरॉक्सचं दुकान निघालं होतं आणि तिथं लॅमिनेशनचं यंत्र आलं होतं. लोक रेशनकार्डं, देवाच्या तसबिरी, मुलांची प्रमाणपत्रं घेऊन रांग लावत. अक्कांनी डॉक्टरची चिठ्ठी नेली. प्लास्टिकच्या आत निळ्या शाईत स्वच्छ वाचता येई: रात्री एक गोळी, दहा दिवस. ती लिहिणारे डॉक्टर जाऊन सहा वर्षं झाली होती. दहा दिवस काही संपले नव्हते.

अक्का मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. तमिळ लोक आम्हां मराठी घरच्यांना रायर म्हणतात, म्हणून गावाला त्या 'रायर टीचर'. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटकुळ्या, कांजी केलेली सुती साडी, आणि ऊन असो नसो, हातात छत्री. लग्न केलं नव्हतं. राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहत. माझं औषधांचं दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी. दुकान मूळचं वडिलांचं. मी पुण्यात मावशीकडे राहून फार्मसीची पदविका घेऊन आलो आणि ते चालवू लागलो. पुण्याहून येताना मी तिकडची मराठीही घेऊन आलो होतो, आणि ती अक्कांना अजिबात खपत नसे.

"अक्का, झोप लागते ना आता नीट?"

"झोप तुझ्या पुण्यास. आम्हांस नीज येते," त्या म्हणायच्या. मग थोडं थांबून, "आणि ती येत नाहीं."

ती का येत नाही, हेही त्यांनीच एकदा सांगितलं. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवावं लागे. घड्याळाचा गजर लावायचीही गरज राहिली नव्हती, इतकं अंगात मुरलेलं. आई गेली. तेराव्यानंतर पाहुणे गेले. अक्का मात्र दर दोन तासांनी उठून बसतच राहिल्या, वळवायला कोणी नसताना. शाळेत खडू हातातून पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी ती चिठ्ठी लिहिली. यात चुकलं कुणाचं, सांगा. डॉक्टरांनी दहा दिवसच लिहिले होते. अक्कांना त्या दहा दिवसांत चार वर्षांनी सलग सहा तास नीज मिळाली होती. अकराव्या दिवशी त्या दुकानात आल्या. वडिलांनी गोळ्या दिल्या. ओळखीच्या, शिकलेल्या, घरच्यासारख्या बाई. वडील थकून घरी बसल्यावर मी देत राहिलो.

ती वर्षंही तशीच होती. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात ते आमच्या दुकानात असे उघडले, की आधी आठवड्यातून एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह यायचा, तिथं दिवसाला चार येऊ लागले. टाय लावलेले, मोटारसायकलवर घामाघूम झालेले. एकाच गोळीच्या सात कंपन्या, सात रंगांच्या स्ट्रिप. सॅम्पल फुकट. वडिलांच्या वेळची काचेची बरणी, पितळी तराजू, खलबत्ता हे सगळं मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं. आता कात्रीनं स्ट्रिप कापली की काम झालं.

अक्का आल्या की नुसत्या गोळ्या घेऊन जात नसत. इतिहासाच्या बाई, जाता जाता एखादा धडा द्यायच्याच. एकदा नव्या खोकल्याच्या औषधाची जाहिरात मी भिंतीला लावत होतो. छत्रीच्या टोकानं ती दाखवून म्हणाल्या, "हेरॉइन म्हणतात तें पहिल्यानें कशाचें औषध म्हणून विकलें, ठाऊक आहे? खोकल्याचें. तान्ह्या पोरांससुद्धां."

"काय सांगता!"

"होय की. आणि अफू. लढाईस जातां शिपायांस अफू, शेतांत जातां आईनें पोरास अफूचें बोट. पोर निजतें, आईचें काम होतें. चिनांत त्याच अफूपायीं लढाई झाली. पहिल्या दिवशीं सगळेच औषध म्हणतात रे."

हे सगळं सांगून त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. "तेंच दे."

मी हसलो नाही. त्यांनाही त्यात विचित्र काही वाटलेलं दिसलं नाही. आपण ज्या होडीत बसलोय ती सोडून नदीतल्या सगळ्या होड्या माणसाला दिसतात.

रात्रीच्या एका गोळीच्या दोन कधी झाल्या, ते मला कळलं नाही, कारण दुसरी त्या जुन्या बस स्टँडजवळच्या दुकानातून घेत होत्या. दुपारच्या चौथ्या तासाआधीची अर्धी तिसऱ्या एका दुकानातून. एकदा औषध विक्रेत्यांच्या बैठकीत चहाच्या वेळी एक जण हसत म्हणाला, "तुमच्या रायर टीचर आमच्याकडेही येतात. चिठ्ठी काय झकास आहे!" दुसरा म्हणाला, "आमच्याकडेही." ते हसले. मी कप तसाच खाली ठेवला.

मग मी लक्ष देऊन पाहू लागलो, आणि दिसू लागलं. अक्का टाउन बसमधून उतरताना आधी कुठला पाय टाकायचा याचा विचार करत. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी येऊन गेल्या, सकाळचं आठवत नव्हतं. माझी पुतणी त्यांच्या वर्गात होती. तिला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, "टीचरनी एकच धडा तीन दिवस शिकवला, चित्तप्पा." चित्तप्पा म्हणजे काका. मी म्हटलं, "मग तुम्ही सांगितलं नाही?" ती म्हणाली, "कसं सांगायचं? त्यांना वाईट वाटलं असतं. आम्ही तिन्ही दिवस वहीत लिहून घेतलं."

पुढच्या वेळी चिठ्ठी आली तेव्हा मी ती परत त्यांच्याकडे सरकवली.

"अक्का, आजपासून नाही. मी बाकीच्या दोन्ही दुकानांनाही सांगितलंय."

मला वाटलं होतं, त्या रागावतील, रडतील, काहीतरी कारण सांगतील. त्यांनी फक्त विचारलं, "सवय लागली म्हणतोस मज?"

"हो."

"व्यसन?"

मी काचेवरची कात्री खणात ठेवली. त्यांनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन नीट लावली. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि छत्री उघडून गेल्या. मी बायकोला घरी जाऊन सांगितलं, आज एक चांगलं काम केलं.

अक्का कुठल्याच दुकानात गेल्या नाहीत. मानी बाई. ज्या गोष्टीला कोणी व्यसन म्हणतो ती त्याच दिवशी सोडून दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. सहाव्या दिवशी दहावीच्या वर्गात फळ्यासमोर त्या कोसळल्या. हातपाय झटकू लागले, दातखिळी बसली. मुलींनी किंचाळून शाळा गोळा केली. झटक्यावर उतारा म्हणून कोणी त्यांच्या मुठीत लोखंडी किल्ल्यांचा जुडगा कोंबला. मुख्याध्यापिकाबाईंनी रिक्षा बोलावली, आणि माझी पुतणी धावत दुकानात आली.

सरकारी हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कावेरीकाठच्या एका खेड्यातल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन तमिळमध्ये एकेक विचारलं. कुठली गोळी, किती वर्षं, दिवसाला किती. मी सगळं सांगितलं.

"आणि बंद कुणी केली?"

"मी," मी म्हटलं. माझ्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

"औषधवाले ना तुम्ही? मग एवढं माहीत हवं होतं. नऊ वर्षं कालव्याला पाणी सोडलं. शेतं, झाडं, घरं सगळी त्या पाण्याच्या हिशेबानं उभी राहिली. आणि तुम्ही एका सकाळी कालव्याचं दार बंद केलंत. त्या आज मेल्या असत्या."

मी बाकावर बसलो. त्याही शेजारी बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांना व्यसनी म्हणून हिणवू नका. एखादा कधीतरी घेतो. एखादा रोज घेतो, पण नाही मिळाली तर कुरकुरतो आणि निभावतो. आणि एखाद्याच्या शरीरानं ती गोळी आपलाच एक अवयव म्हणून धरून ठेवलेली असते. इकडून तिकडे माणूस कधी जातो ते त्याला स्वतःला कळत नाही. मध्ये हद्दीचा दगड रोवलेला नसतो. परत आणायचं तर तसंच, त्यांना कळणार नाही इतकं हळू."

अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा मी पायाशी उभा होतो. क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "धडा कोण पुरा करणार माझा?"

इतकं हळू म्हणजे किती हळू? गोळीचे चार तुकडे करता येतात, आठ करता येत नाहीत, भुगा होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्वीचे कंपाउंडर पुड्या बांधायचे. येतं तुम्हाला?" मला येत नव्हतं. वडिलांना येत होतं. घरी जाऊन मी माळ्यावरून पोतं खाली काढलं. वडिलांचे हात तेव्हा थरथरत, पण त्यांनी शेजारी बसून शिकवलं. गोळ्या खलात बारीक करायच्या, दुधाची साखर म्हणून जी पांढरी पूड मिळते ती मिसळायची, तराजूवर तोलायची, कागदाच्या पुड्या बांधायच्या. औषध जितकं कमी, तितकी साखर जास्त. पुडीचं वजन रोज तेवढंच. डॉक्टरीणबाईंनी अक्कांना सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, "कधी किती कमी केलं ते तुम्हाला सांगायचं, की नाही?"

अक्का म्हणाल्या, "सांगूं नका. मज कळलें कीं मी भ्यायची."

मग रोज शाळा सुटली की अक्का दुकानात यायच्या, आत स्टुलावर बसायच्या, आणि मी त्या दिवसाची पुडी द्यायचो. सुरुवातीचे महिने वाईट गेले. अंगाला मुंग्या, हातांना कंप, दुपारच्या उन्हाचा त्रास. साडीचा काठ मुठीत गच्च धरून बसत. मी काही विचारलं की "ओन्नुम इल्ले", काही नाही. बोलण्यात जीव रमावा म्हणून मीच विचारायचो, "अक्का, आज कुणाचा इतिहास?" मग तंबाखू आपल्याकडे कुणी आणला, ताडीच्या झाडांवर सरकारनं कर कसा बसवला, बैरागी गांजाला काय म्हणत, असं सगळं चालायचं. आधी हे सगळं त्या दुसऱ्यांचं म्हणून सांगत. आता मध्येच थांबून म्हणत, "त्यांसही असेंच झालें असेल नाहीं रे? मुंग्या?"

एक दिवस मी शहाणपणा केला. म्हटलं, "अक्का, मनाचा निग्रह असला की..."

"कापी पितोस?"

"पितो की."

"किती?"

"तीन वेळा. कधी चार."

"चार दिवस सोड. मग निग्रहाचें बोल."

मी सोडली. पहिल्या दिवशी दुपारी कपाळ ठणकू लागलं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला पोटाच्या औषधाऐवजी कानाचे थेंब देत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, फेसाळ कॉफी आणून पुढे आदळली आणि म्हणाली, "पी आणि दुकानात जा, नाहीतर मी माहेरी जाते." अक्कांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. त्या आजारानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सगळं असं सरळ गेलं नाही. पाचव्या महिन्यात आईचं श्राद्ध आलं. दुसऱ्या दिवशी अक्का आल्या, स्टुलावर बसल्या नाहीत. नव्या बस स्टँडवरच्या कुठल्याशा दुकानातली स्ट्रिप काचेवर ठेवली. दहांतली एक जागा रिकामी.

"काल घेतली," म्हणाल्या. "दुसऱ्यांस शिकवण्यास मज येतें, पण घरीं कोण नव्हतें रे काल."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. दोन पायऱ्या मागं जा, पुन्हा उतरा, म्हणाल्या. मी पुन्हा तराजू लावला.

चौदा महिने झाले. एका शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, आता सांगायला हरकत नाही. संध्याकाळी अक्का आल्या, पुडी घ्यायला हात पुढे केला.

"अक्का, आज पुडी नाही."

हात तसाच राहिला. मी घाईघाईनं म्हटलं, "तीन आठवडे झाले, पुडीत औषध नाही. नुसती दुधाची साखर आहे."

"फसवलेंस मज?"

"तुम्हीच सांगू नका म्हणाला होतात."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, एक गिऱ्हाईक येऊन मलम घेऊन गेलं. मग त्यांनी अगदी हळू, जणू वर्गातल्या मुलीनं शंका विचारावी तसं विचारलं, "म्हणजे, तीन आठवडे आली ती नीज माझीच?"

मी मान हलवली.

शाळेत मात्र गोष्ट मिटली नव्हती. बाईंना झटका आला, बाई गोळ्या घेतात, हे गावभर झालं होतं. समितीतले एकदोघं त्यांना लांब रजेवर पाठवावं म्हणत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी ते कसंबसं थोपवून धरलं होतं. अशातच शाळेत नशाविरोधी दिवस ठरला. व्यासपीठामागे मोठं चित्र: कवटी, सुई आणि गटारात पडलेला दाढी वाढलेला माणूस. औषधांविषयी चार शब्द बोलायला मला बोलावलं होतं. माझं झालं आणि अक्का शेवटच्या रांगेतून उठल्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं.

माइक त्यांच्या उंचीपेक्षा वर होता. तो त्यांनी खाली केला नाही, मोठ्या आवाजात तमिळमध्ये बोलल्या. "मुलींनो, हे चित्र नीट बघा. यातला माणूस माझ्यासारखा दिसतो का?"

मुलींनी चित्राकडे पाहिलं.

"नाही दिसत. चित्रकाराचं चुकलंय. मी नऊ वर्षं गोळ्या घेतल्या. रोज आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, वेळेवर शाळेत येऊन घेतल्या. म्हणून मला कुणी ओळखलं नाही. मीही मला ओळखलं नाही. तुमच्या घरी कुणी अशी असेल तर तिला हसू नका. आणि तिची गोळी एका दिवसात लपवूनही ठेवू नका. डॉक्टरकडे न्या." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "त्या माणसानं लपवून पाहिली. विचारा त्याला."

सगळी शाळा माझ्याकडे बघू लागली. मी कान पकडले. आधी एक मुलगी हसली, मग सगळ्या.

समितीनं त्यांना पत्र दिलं, खुलासा मागितला. त्यांनी एका ओळीत लिहून दिलं की सभेत बोलले ते सगळं खरं आहे. पुढं काय करायचं ते समितीला कळलं नाही आणि कागद तसाच पडून राहिला. पण त्या आठवड्यात माझ्या दुकानात काय झालं ते सांगतो. दुपारी, गर्दी नसताना, एक बाई आल्या. मग दोन दिवसांनी दुसऱ्या. मग एका मुलीची आत्या. इकडेतिकडे बघत, पदराआडून रिकामी स्ट्रिप काढून विचारायच्या, "ही बरीच वर्षं घेतेय. टीचर ज्यांच्याकडे गेल्या त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?" त्यातल्या दोघींना ती स्ट्रिप मीच कापून देत आलो होतो. कधी मान वर करून बघितलंही नव्हतं.

अक्का वयाप्रमाणे निवृत्त झाल्या आणि भाचीकडे तिरुचीला राहायला गेल्या. जायच्या दिवशी दुकानात आल्या आणि माझ्या मराठीतल्या दोन चुका काढून गेल्या. त्यानंतर कधी पोस्टानं त्यांचं चार ओळींचं कार्ड यायचं, तमिळ अक्षरांत लिहिलेली मराठी.

चारेक वर्षांनी औषधांच्या एका कामासाठी मी तिरुचीला गेलो. काम लवकर आटोपलं, म्हणून पत्ता शोधत भाचीच्या घरी पोचलो. दुपारचे तीन वाजले असतील. भाचीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत अक्का बसल्या होत्या. बसल्या बसल्याच डोळा लागला होता. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवरचं वर्तमानपत्र घसरून जमिनीवर आलेलं. बारीक घोरत होत्या.

"उठवूं का?" भाचीनं विचारलं. "तुम्ही इतक्या लांबून आला. त्यांस कळलें तर वाईट वाटेल."

"नको," मी म्हटलं. "बसतो थोडा वेळ."

तासभर बसलो. भाचीनं कॉफी दिली, ती प्यालो. बाहेर भांडीवाला ओरडत गेला, शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. अक्का हलल्या नाहीत. मग मी वर्तमानपत्र उचलून, घडी करून तिपाईवर ठेवलं आणि बस गाठायला निघालो.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचं कळलं. जागेपणी त्यांची माझी भेट पुन्हा झालीच नाही. त्या दुपारी उठवायला हवं होतं का, असं ही गोष्ट ऐकून मला अजून कुणी कुणी विचारतं.